सिद्धेश्वरीच्या गाडीची वहिफणी

सोलापुरात हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या पुढं गॅरेजांची एक रांग आहे. तिथं दिवस उजाडतो तोच ठोकाठोकीनं. कुठं पत्रा ठोकतात, कुठं टायर खोलतात, कुणीतरी कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत असतं. या सगळ्या गदारोळात एक शेड मात्र गप्प असतं. दारात पालथं घातलेलं लाकडी खोकं आणि त्यावर पांढऱ्या मिशांचा एक किडकिडीत माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुढ्यात एखाद्या ट्रकची सगळी वायरिंग पोटातून बाहेर काढून पसरलेली. रंगमंचावर सगळे ओरडत असताना एकच नट शांत उभा राहिला की प्रेक्षकांची नजर जशी त्याच्यावरच जाऊन थांबते, तशी जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर या माणसावर थांबायची.

हा यादगिरी गाजुल. सगळी लाइन त्याला गिरीअण्णा म्हणते.

गिरीअण्णा ऑटो इलेक्ट्रिशियन. पण त्याच्या बोटांचा जन्म वायरीतला नव्हे, धाग्यातला. शहराच्या पूर्व भागात एके काळी अशी गल्ली नव्हती जिथं मागांचा खडखडाट ऐकू येत नव्हता. बायका त्या आवाजाच्या वरताण आवाज काढून तेलुगूत गप्पा मारायच्या, आणि रविवारी माग बंद राहिले की पोरांना करमायचं नाही. त्या भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात यादगिरी मिसरूड फुटायच्या आधी लागला, तो वहिफणीच्या कामाला. माग सुरू व्हायच्या आधी ताण्याचा प्रत्येक उभा धागा आधी वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली उचलणाऱ्या चौकटीच्या, बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या दातांमधून ओवून घ्यावा लागतो. हजारो धागे, आणि एकही चुकायचा नाही. त्यासाठी दोघं समोरासमोर बसतात. मागं बसलेला धागा निवडून पुढं धरतो, पुढं बसलेला आकड्यानं तो ओढून घेतो. यादगिरी मागं बसायचा. सबंध तारुण्य त्यानं ताण्याची पाठच बघितली, आणि समोरच्या माणसाचं तोंड.

पुढं कारखाना बंद पडला. मालकानं गेटला कुलूप घातलं त्या दिवशी यादगिरी घरी येऊन जेवलासुद्धा नाही. बायको नागमणी बिड्या वळत होती. ती सुपातली पानं खाली न ठेवता म्हणाली, "माग गेलं, बोटं गेली का तुमची?" तेवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी तो चुलतभावाच्या दुकानात जाऊन उभा राहिला. तिथं एका टेम्पोची वायरिंग लोंबत होती. त्यानं ती हातात घेतली, सरळ केली आणि म्हणाला, "अरे, हे तर ताणाच हाय की!"

तेव्हापासून तो गाड्यांची वहिफणी करतो. दुसरे इलेक्ट्रिशियन रंगावरून वायर ओळखतात. अण्णाचा रंगावर भरवसा नाही. धुळीनं आणि तेलानं सगळे रंग एकाच जातीचे होतात, असं तो म्हणतो. तो प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना सुताचा तुकडा बांधतो. हॉर्नला एक गाठ, हेडलाइटला दोन, अशा त्याच्या खुणा. अंधारात, डॅशबोर्डखाली हात घालून, नुसत्या बोटानं तो वायर ओळखतो.

शेजारचा डेंटर गौस याला हे फार गमतीचं वाटतं. "क्या अण्णा," तो हातोडी थांबवून ओरडतो, "गाडी को साडी नेसवताय क्या? पदर किधर का?"

"तू पत्रा बडव," अण्णा मान वर न करता म्हणतो. "तुझं काम बहिऱ्याला पण कळतंय."

दोघांची ही जुगलबंदी रोजची. एकानं सुरुवात केली नाही तर दुसऱ्याला चहा गोड लागत नाही.

अशा या शेडपुढं एका सकाळी एक जुनी पांढरी छोटी गाडी येऊन थांबली. चालवत होता तिशीच्या आतला एक तरुण, राजशेखर. तो उतरला, दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडलं, मागच्या सीटवरच्या कुबड्या काढून दिल्या. त्या टेकत एक बाई उतरली. सुती साडी, खांद्याला पिशवी, आवाजात मास्तरीण. ती त्याची थोरली बहीण सिद्धेश्वरी. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. पण त्यांनी जाताना तिची जीभ काही नेली नव्हती.

"अण्णा, तुम्हीच गाजुल ना? मी होटगीच्या शाळेत शिकवते. हा माझा भाऊ. रोज मला जुळे सोलापुरातून होटगीला सोडतो, आणायला येतो. याच्यामुळं माझी नोकरी आहे आणि माझ्यामुळं याला नोकरी नाही."

"अक्का, हे काय सांगायचंय का आल्या-आल्या?" राजशेखर ओशाळला.

"मग काय हवापाण्याचं बोलू?" ती म्हणाली. "याला पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय, अण्णा. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. मला गाडी चालवता आली तर हा जाईल. नाही तर जाणार नाही म्हणून हटून बसलाय. आणि हा गेला नाही, तर आयुष्यभर मला स्वतःचं तोंड आरशात बघवायचं नाही."

गोष्ट एवढीच होती आणि एवढी मोठी होती.

गाडीला क्लच नव्हता. पुण्याच्या एका कारागिरानं स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक लिव्हर बसवली होती. पुढं ढकलली की ब्रेक, खाली दाबली की वेग. तिची आरटीओत नोंदही झाली होती. पण डावा हात कायम लिव्हरवर आणि उजवा कायम स्टिअरिंगवर. मग हॉर्न कोण वाजवणार? वळताना इंडिकेटर कोण देणार? समोरून ट्रक आला तर डिपर कोण मारणार?

"तिसरा हात पायजे," राजशेखर म्हणाला.

"हाताचं काय करायचंय? अंगठा मोकळं हाय की," अण्णा म्हणाला. त्यानं तिचा डावा हात लिव्हरवर ठेवायला लावला आणि बराच वेळ तिचा अंगठा कुठं-कुठं पोचतो ते बघत राहिला. शिंपी माप घेतो तसं त्यानं त्या अंगठ्याचं माप घेतलं.

पुढचे काही दिवस गौसनं कितीही टोचलं तरी शेडमधून उत्तर आलं नाही. अण्णा कामात बुडाला होता. लिव्हरच्या मुठीवर अंगठ्याखाली येईल अशी एक डबी त्यानं बनवली. तिच्यात शेजारी-शेजारी दोन बटणं इंडिकेटरची, वर एक डिपरचं, खाली वायपरचं, आणि तर्जनीच्या टोकाला हॉर्न. पण एवढ्याशा बटणातून हॉर्नची किंवा हेडलाइटची ताकद न्यायची म्हटली तर बटण जळून जाईल. म्हणून डॅशबोर्डखाली त्यानं काडेपेटीएवढ्या रिलेंची ओळ बसवली. बटणानं फक्त निरोप द्यायचा, जड काम रिलेनं करायचं. रंगमंचावरची राणी नुसती टाळी वाजवते आणि विंगेतला माणूस जाडजूड दोर ओढून पडदा वर नेतो, तसंच हे. प्रेक्षकांना राणी दिसते. दोर ओढणारा दिसत नाही, आणि दिसूही नये.

प्रत्येक रिलेला वेगळा फ्यूज दिला, म्हणजे एक उडाला तरी बाकीचे चालतील. डावा इंडिकेटर चालू असताना उजवा दाबला तर डावा आपोआप बंद व्हावा, अशी जोडणी केली. गाडीची मूळची इंडिकेटरची दांडी तशीच चालू ठेवली, म्हणजे भावालाही चालवता यावी. लिव्हर पुढं-मागं होताना वायर तुटू नये म्हणून तिला मऊ रबरी नळीतून सैल वळण दिलं. वायरींचा तो जुडगा एवढा देखणा झाला, की गौससुद्धा वाकून बघून म्हणाला, "वा अण्णा. इसको अंदर छुपाना पाप है."

"आत असंल तरच टिकतंय," अण्णा म्हणाला. पण मिशीत हसला.

मग चाचणी. गौस ड्रायव्हरच्या सीटवर बसला, अण्णा गाडीच्या समोर, बॉनेटपुढं उभा. गौसचं डोकं खिडकीबाहेर आणि लक्ष येणाऱ्या चहाकडं.

"उजवा दाबतो, अण्णा!"

अण्णाच्या उजव्या हाताला दिवा लुकलुकला. "उजवा, ओके!"

"डावा!"

"डावा, ओके!"

टिचकी मारावी तशी सगळी बटणं चालली. सिद्धेश्वरी गाडी न्यायला आली तेव्हा अण्णानं तिला सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "बाई, पयल्यांदा सगळं उलटं-सुलटं वाटंल. घाबरू नका. हात बसला की जमतंय."

तो अर्थातच ब्रेक आणि वेगाबद्दल बोलत होता.

शिकाऊ परवाना हातात होताच. राजशेखर शेजारी बसे आणि सिद्धेश्वरी रोज सकाळ-संध्याकाळ आसरा चौकापासून होटगी रोडला गाडी घालायची. पहिले दोन दिवस कुत्री पळाली, तिसऱ्या दिवशी एक म्हैस निवांत बाजूला झाली, त्यानंतर कुणी दखलच घेईना. आपण चांगलं चालवायला लागल्याची खूण तिनं हीच धरली.

परीक्षेच्या दिवशी अण्णाही निघाला. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं वायरिंगचं काही विचारलं तर सांगायला माणूस हवा, म्हणून. शेजारी परवानावालाच हवा हा नियम आज तेवढा बाजूला ठेवून राजशेखर मागं बसला आणि अण्णा पुढं, तिच्या शेजारी. हजारो गाड्यांना दिवे देणारा हा माणूस. पण त्याला स्वतःला गाडी येत नव्हती आणि पुढच्या सीटवर बसण्याचा प्रसंग क्वचितच. तो ताठ बसून, नवी नवरी बघायला आलेल्या मामासारखा, तिच्या अंगठ्याकडं बघत होता.

चौक आला. सिद्धेश्वरीला डावीकडं वळायचं होतं. तिचा अंगठा सफाईनं उजव्या बटणावर गेला. डॅशबोर्डवर डावा बाण लुकलुकला. गाडी झोकात डावीकडं वळली.

"थांबवा," अण्णा म्हणाला.

"काय झालं?"

"बाई, गाडी बाजूला घ्या."

गाडी कडेला थांबली. अण्णाचा चेहरा उतरला होता. "तुमी उजवं बटण दाबलाव. वळलाव डावीकडं."

"हो. तुमचं बटण तसंच आहे ना," ती सहज म्हणाली. "उजवं दाबलं की डावा लागतो. मला पहिल्याच दिवशी दिसलं. पण तुम्हीच म्हणालात, उलटं वाटेल, हात बसू द्या. मला वाटलं, लिव्हरच्या गाड्यांत असंच असतं. बसवला हात."

अण्णानं स्वतःचे दोन्ही तळवे समोर धरले, एकदा उलटे केले, आणि त्याला सगळं कळलं. डबीचं मागचं झाकण उघडून, पाठीमागून त्यानं वायरी जोडल्या होत्या. पाठीकडून जे डावं ते चालवणाऱ्याचं उजवं. आणि चाचणी घ्यायला उभा राहिला तो गाडीसमोर, तोंडाकडं तोंड करून. तिथूनही डावं-उजवं उलटंच. दोन्हीकडच्या चुकांनी एकमेकींना साक्ष दिली होती. तारुण्यभर तो ताण्याच्या ज्या बाजूला बसला, त्याच बाजूला आजही बसला होता. चालवणाऱ्याच्या जागेवर बसून त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"चूक माझं हाय," तो म्हणाला. "दोन वायरी बदलायच्या. आत्ता करतो."

"आत्ता?" राजशेखर मागून उसळला. "अण्णा, तासाभरात परीक्षा हाय! तिचा हात बसलाय त्याच्यावर. राहू द्या की तसंच. बाण तर बरोबर लागायलाय. साहेबाला अंगठा थोडाच दिसणार?"

"दिसणार न्हाय."

"मग?"

"ताण्यात एक धागं चुकून गेलं ना, तर सुरुवातीला कळत पण न्हाय. पण ते चूक कापडाच्या शेवटापर्यंत येतंय." अण्णा सिद्धेश्वरीकडं वळला. "बाई, शांत असताना तुमी सराव केल्यासारखं दाबाल. पण एखादं पोरगं मधी आलं, तुमी घाबरलाव, तर हात सराव विसरतंय. डावीकडं जायचं तर डावं दाबतंय. तवा मागचं ट्रक काय समजायचं?"

राजशेखर काही बोलणार होता. सिद्धेश्वरीनं हात वर केला. वर्गात करते तसा. तिच्या डोळ्यांपुढं काय-काय उभं राहिलं असेल ते तिलाच ठाऊक: पुण्याचं रेल्वे तिकीट, भावाची नवी बॅग, होटगीची पोरं.

"करा," ती म्हणाली आणि कुबड्या घेऊन खाली उतरली.

अण्णा डॅशबोर्डखाली आडवा झाला. बोटांनी गाठी चाचपल्या, दोन वायरी ओळखल्या, काढल्या, बदलल्या. नागमणीला पोळी उलटायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल. मग तो स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसला, पहिल्यांदाच, आणि दोन्ही बटणं दाबून बाण बघितले. डावं डावीकडं, उजवं उजवीकडं.

आरटीओच्या मैदानात पोचल्यावर नाव पुकारेपर्यंत सरावाचा एक केविलवाणा खेळ झाला. अण्णा खिडकीशी उभा राहून म्हणे, "डावं!" आणि तिचा अंगठा उजव्या बटणावर. "उजवं!" आणि अंगठा डाव्यावर. बसलेला हात उठवणं हे बसवण्यापेक्षा अवघड. पाठ केलेला संवाद ऐनवेळी बदलून दिला, की कसलेला नटही जुनाच बोलून जातो.

नाव पुकारलं गेलं. निरीक्षक एक तरुण मॅडम होत्या. कडक इस्त्री, कडक नजर. शेजारी बसून त्या म्हणाल्या, "चला. पुढं डावीकडं घ्या."

अंगठा गेला तो उजव्या बटणावर. उजवा बाण लुकलुकला. सिद्धेश्वरीला तो लगेच दिसला. तिनं गाडी थांबवली, बाण बंद केला, डावा लावला आणि मगच वळली. पुढचं सगळं तिनं चोख केलं. गाडी मागं घेतली, चढावर थांबवली, पुन्हा सुरू केली.

"इंडिकेटर चुकला तेव्हा काय झालं?" मॅडमनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. तिनं खरं सांगितलं. तोवर अण्णाही येऊन खिडकीशी उभा होता. "मॅडम, चूक माझं हाय, बाईचं न्हाय. वायर मी आज बदललो."

मॅडमनी वाकून मुठीवरची डबी बघितली. प्रत्येक बटण दाबून बघितलं. "काम छान केलंय, आजोबा," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावर मागच्या गाडीवाल्याला ह्या काय सांगणार? चूक आजोबांची होती म्हणून?" मग सिद्धेश्वरीकडं वळून, जरा मऊ आवाजात: "मॅडम, थांबवलीत आणि सुधारलीत, ते मला आवडलं. पण आज पास करणार नाही. पुढच्या आठवड्यात या. हात पक्का करून या."

राजशेखरला सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला. "मी कळवतो त्यांना, नाही येत म्हणून."

"तू जाणार," सिद्धेश्वरी म्हणाली.

"आणि तुझ्या शेजारी कोण बसणार? शिकाऊ परवान्यावर एकटी जाणारेस? शाळा बुडवणारेस? आठवड्यानं परत नापास झालीस तर?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होता. दुकानापुढं गाडी थांबली तशी तो उतरला आणि सरळ गौसकडं गेला.

"गौस, तुझं लायसन चालू हाय का?"

"हौ. क्यूं? तुमको भगाके ले जाऊं?"

"डावं-उजवं उलटं निघालं, बाई नापास झाल्या. सोमवारपासनं सकाळी होटगीला जायचं. बाईच्या शेजारी बसायचं."

गौसनं हातोडी खाली ठेवली. पांढरी गाडी बघितली, राजशेखरचं पडलेलं तोंड बघितलं, आणि त्याला चाचणीच्या दिवशीचा स्वतःचा चहा आठवला असावा. कारण त्यानं थट्टा केली नाही. "डावा-उजवा मैं भी नै देखा था, अण्णा," तो म्हणाला. "चलते की."

रविवारी राजशेखर पुण्याच्या गाडीत बसला. सोमवारी सकाळी जुळे सोलापुरात सिद्धेश्वरीच्या दारात दोन म्हातारे हजर. गौस पुढं, अण्णा मागं. आणि रस्ताभर मागून एकच प्रॉम्प्टर: "डावं. उजवं. डावं. आता डिपर." गौसची पुढून साथ: "अण्णा, जरा सांस तो लेने दो उसको!" होटगी येईपर्यंत ती हसून-हसून बेजार व्हायची, आणि हसता-हसता अंगठा कधी बरोबर जागी जायला लागला ते तिलाही कळलं नाही. तिला शाळेत सोडून गौस गाडी परत आणायचा, दोघं आपापली दुकानं उशिरा उघडायचे, संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. गिऱ्हाइकं बोंबलत. गौस त्यांना सांगे, "हेडमास्तरीण का ड्रायव्हर है हम. टाइम लगेगा."

एकदा होटगीच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडं एक मोटारसायकल अचानक आडवी आली. सिद्धेश्वरी घाबरली; डाव्या हातानं लिव्हर ढकलली, डावीकडं घेतली आणि अंगठ्यानं डावं बटण दाबलं. मागचा उसाचा ट्रॅक्टर वेळेवर थबकला. त्या दिवसापासून अण्णानं "डावं-उजवं" म्हणणं सोडून दिलं.

पुढच्या परीक्षेत मॅडमनी तिला मैदानात तीन वेळा वळवलं, मुद्दाम घाईनं सांगून. मग कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "आजोबा आज दिसत नाहीत?"

"गेटच्या बाहेर उभे आहेत," सिद्धेश्वरी म्हणाली. "आत यायची भीती वाटली त्यांना."

तिनं तिथूनच राजशेखरला फोन लावला. पुण्याच्या कुठल्यातरी ऑफिसात, सगळ्यांसमोर, तो घरच्या कानडीत मोठ्यानं काहीतरी ओरडला.

परवाना टपालानं घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वरी कुबड्या मागच्या सीटवर टाकून गाडीत बसली आणि बघते तो काय, फाटकाशी दोघं म्हातारे उभे.

"आज कशाला आलात?"

"सवय लागलं की," अण्णा म्हणाला.

"आज मी एकटी जाणार, अण्णा."

"व्हय, व्हय. जा की." तो बाजूला झाला. गौसनं, जणू एखाद्या मंत्र्याची गाडी निघावी तसा, हातानं रस्ता मोकळा करून दिला. गाडी फाटकातून बाहेर आली, इशारा देऊन वळली, आणि गल्लीच्या टोकाशी एका भाजीच्या गाड्याला सांभाळून घेत होटगी रोडला लागली. दोघं बघत राहिले; दिसेनाशी झाल्यावरही जरा वेळ.

मग गौसच्या लक्षात आलं. रोज परत यायला हीच गाडी असायची.

"अब?"

"चालायचं," अण्णा म्हणाला, आणि धोतराचा सोगा सावरून हैदराबाद रोडच्या दिशेनं निघालासुद्धा.